चिचुंद्रीचं आतडं

हातकणंगले स्टेशनच्या पलीकडं रेल्वेच्या माणसांसाठी बांधलेली बैठी घरं होती. त्यातल्या शेवटच्या घरात बाळासो कुरणे राहायचे. रुळांची निगा राखणाऱ्या गँगमध्ये त्यांची नोकरी. खांद्यावर पान्हा टाकून ते रुकडीच्या बाजूला चालत जायचे आणि उन्हं कलली की चालत परत यायचे. त्यांची थोरली लेक संघप्रिया १९९४ साली प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि कोल्हापूरच्या एका कॉलेजात पीएच. डी.ला लागली, तेव्हा सगळ्या वस्तीनं तिचं कौतुक केलं. ते कौतुक फार दिवस टिकलं नाही. महिन्याभरात तिनं घरात पिंजरे आणले आणि ती चिचुंद्र्या धरायला लागली.

"एवढं शिकून ही घाण धरायची व्हय गं?" शेजारच्या झुंबरबाईनं दारातूनच विचारलं. "त्यापरास मास्तरीण झाली असतीस."

संघप्रियाच्या आधी तिची आई बोलली. आक्काताईला उत्तर शोधावं लागायचं नाही. "तुझ्या घरातल्या बी धरून दे म्हटलं तर देतीया ती. फुकटात."

पिंजऱ्यात सुकट लावायचं काम आक्काताईनंच अंगावर घेतलं होतं. भज्याला चिचुंद्री येत नाही, सुकटाला हटकून येते, हे तिनं दोन-चार दिवसांत ताडलं. पहाटे पिंजरा बघायला मात्र संघप्रियाला उठावं लागे. चिचुंद्रीला सारखं खायला लागतं. अर्धा दिवस उपाशी राहिली तरी ती मरते, आणि मेलेल्या जनावराचं आतडं लगेच कुजतं, मग त्याचा काही उपयोग नाही. जिवंत चिचुंद्री फडक्यात झाकलेल्या पिंजऱ्यात घालून ती सकाळच्या पॅसेंजरनं कोल्हापूरला जायची. डब्यातली माणसं नाकाला पदर-रुमाल लावायची, आणि तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही.

तिचे मार्गदर्शक डॉ. इंगवले सावकाश बोलणारे, दम्यानं बेजार झालेले गृहस्थ होते. विषय त्यांनीच दिला होता: चिचुंद्रीच्या पचननलिकेतल्या हार्मोन तयार करणाऱ्या पेशी. "उंदराला ओकता येत नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "चिचुंद्रीला येतं, माणसासारखं. म्हणून उंदरापेक्षा ही बरी. हिच्या आतड्यात काय चालतं ते कळलं, तर माणसाचं थोडं कळेल."

घरी आल्यावर आक्काताईनं तिला सगळं समजून सांगायला लावलं. समजल्याशिवाय ती कुठल्याही कामाला हात लावत नसे, अगदी सुकटाला सुद्धा.

"आई, तू भाकरी खाल्लीस. ती पोटातनं पुढं आतड्यात गेली. आता पित्ताच्या पिशवीला कसं कळायचं, की भाकरी आली म्हणून?"

"कळतंय की आपसूक."

"आपसूक न्हाय कळत. आतड्याच्या अस्तरात एखादीच पेशी असती तसली. बाकीच्या शेकड्यांनी असत्यात, त्या अन्न शोषत्यात. ही मधेच एकटी. तिचं तोंड आतड्याकडं आणि बूड रक्ताकडं. काय आलंय ते ती चाखती आणि रक्तात निरोप सोडती. मग पित्ताची पिशवी आवळती."

आक्काताई म्हणाली, "म्हंजे येसकर म्हण की. गावात कोण आलं ते बघायचं आणि वाड्यावर सांगत जायचं. तुझ्या आज्ज्यानं जल्मभर तेच केलं."

संघप्रियाला ते आवडलं नाही. आजोबांनी छप्पन सालानंतर घुंगरांची काठी विहिरीत टाकली होती, ही गोष्ट त्यांच्या घरात अभिमानानं सांगितली जायची. "आपण सोडलं ते काम," ती म्हणाली.

"आपण सोडलं. तुझ्या पेशींनी न्हाय सोडलं अजून," आई म्हणाली आणि हसत सुटली.

एक गोष्ट मात्र आक्काताईला खुपायची. रोज सकाळी बुद्धाच्या फोटोपुढं ती पंचशील म्हणे, आणि पहिलंच शील प्राण्याचा जीव न घेण्याचं. एकदा तिनं विचारलं, "मारतीस कशी तू त्यास्नी?"

"औषध हुंगवायचं. झोपत्यात. मग उठत न्हाईत."

"दुखत न्हाय न्हवं?"

"न्हाय दुखत."

आक्काताईनं मान हलवली. त्या दिवसानंतरही ती सुकट लावत राहिली, पण पिंजरा घराबाहेर गेल्याशिवाय ती वंदनेला बसेना.

पहिली पेशी दिसली ती दिवाळीच्या सुट्टीत. कॉलेज ओस पडलं होतं. आतड्याचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचपट्टीवर चिकटवायचे आणि चांदीच्या द्रावणात अंधारात ठेवायचे. एवढं करायला संघप्रियाला पाच महिने शिकावं लागलं होतं. काप फाटायचे, सुरकुतायचे, कधी सगळी पट्टीच काळी व्हायची. त्या दिवशी तिनं सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि पिवळ्या जमिनीवर पेशींच्या फिक्या ओळी दिसल्या. त्या ओळीत एकच पेशी काळ्या दाण्यांनी भरलेली होती. तळाशी फुगीर, वर निमुळती होत गेलेली बारीक मान. ती मान बरोबर आतड्याच्या पोकळीपर्यंत पोचली होती.

तिनं सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि "आली," एवढंच म्हणाले. संध्याकाळी घरी जाताना संघप्रियाला गाडीत बसवेना. ती दारात उभी राहिली आणि रुकडी मागं पडेपर्यंत तिचा चेहरा फुललेला होता. तेवीस वर्षांच्या आयुष्यात एवढा निर्भेळ आनंद तिला कधी झाला नव्हता, आणि पुढंही झाला नाही.

कारण पुढचं काम तिथंच अडलं. चांदीनं पेशी दिसायची, पण ती कुठलं हार्मोन बनवते हे कळायचं नाही. त्यासाठी प्रत्येक हार्मोनला ओळखणारं वेगळं सिरम लागायचं. ते परदेशातून यायचं, बर्फात यायचं, आणि कॉलेजनं त्यासाठी केलेल्या अर्जांना "विचाराधीन" याच्यापलीकडं उत्तर येत नसे. सर दम्याचा पंप ओढत नवा अर्ज लिहायचे. संघप्रिया चांदीच्या पट्ट्या करत राहिली. जठर, आतड्याचा वरचा भाग, मधला, शेवटचा. कुठं पेशी दाट, कुठं विरळ. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. तिच्या बरोबरीच्या पोरी बँकेत लागल्या, लग्न होऊन गेल्या. बघायला आलेली दोन स्थळं, मुलगी काय करते हे ऐकून, चहा पिऊन उठून गेली.

धाकटा प्रसेनजीत तोवर कबनूरला यंत्रमागावर लागला होता. बारावीनंतर त्याला आयटीआयला जायचं होतं. घरात एकाचंच शिक्षण रेटणार हे उघड होतं, आणि कुणी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "ताईचं होऊ दे. माझं काय, मी बघतो नंतर." ते नंतर कधी आलं नाही, आणि त्यानं ते काढलंही नाही.

अठ्ठ्याण्णव साली आक्काताईचं पोट फुगायला लागलं. वायू धरलाय म्हणून ती ओवा खात राहिली. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि अंडाशयाचा कॅन्सर सांगितला, बराच पसरलेला. ऑपरेशन झालं, आणि मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू झालं.

त्या औषधानं आक्काताईला उलट्या व्हायच्या. पहिल्या दिवशी इंजेक्शननं त्या थांबत. दुसऱ्या दिवशी घरी आणलं की सुरू व्हायच्या, आणि चार-पाच दिवस पोटात पाण्याचा थेंब ठरायचा नाही. बाळासो पाटी धरून बसायचे. संघप्रिया आईची पाठ चोळायची. हे का होतंय ते तिला पुस्तकातल्या ओळीसकट ठाऊक होतं. औषध आतड्यातल्या त्याच पेशींना डिवचत होतं. त्या पेशी आपल्यातली सगळी दाणेदार रसायनं एकदम सोडत होत्या, शेजारची नस ती खबर मेंदूला पोचवत होती आणि मेंदू म्हणत होता, विष आलंय, बाहेर काढ. पहिल्या दिवसाचं इंजेक्शन तो निरोप अडवायचं. दुसऱ्या दिवसानंतर दुसरंच काहीतरी चालायचं, आणि ते काय हे अजून कुणाला नीट उमगलं नव्हतं. तिलाही नाही.

"तुझ्या पेशींचंच काम न्हवं हे?" एकदा तोंड पुसून आक्काताईनं विचारलं.

"व्हय."

"मग सांग की त्यास्नी, गप बसा म्हणून. चार वर्सं त्यांची चाकरी करतीयास."

बाळासो हसले. संघप्रियाला हसू आलं नाही.

तिसऱ्या सलाईननंतर आक्काताई म्हणाली, "मी आता जात न्हाय." आवाज चढवला नाही, रडली नाही; बाजारातून एखादी वस्तू न घेता परत यावं तसं म्हणाली. बाळासोंना ते पटलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. संघप्रिया हटली नाही. अजून तीन घेतली तर गाठ आवरेल, डॉक्टर म्हणतायत, शास्त्र म्हणतंय, मी वाचलंय. ती दोन दिवस बोलत राहिली. शेवटी आक्काताई कंटाळून चौथ्याला गेली. ते सगळ्यांत वाईट गेलं. आठवड्यानं ती उठली तेव्हा अंगाचा सांगाडा झाला होता, आणि पुढच्या तपासणीत गाठ होती तिथंच होती, जरा वाढलेलीच.

"झालं तुझ्या मनासारखं?" तिनं लेकीला विचारलं. त्यात राग नव्हता. खरंच झालं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. संघप्रिया "व्हय" म्हणाली. मग मिरजेला कुणी गेलं नाही.

त्याच हिवाळ्यात सिरम आलं. सरांचा एक वर्गमित्र बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत होता. त्यानं आपल्यातलं थोडं काढून, थर्मासात बर्फ भरून, कोल्हापूरच्या बसनं येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवलं. बोटाच्या पेराएवढी कुपी. आतड्यातल्या ज्या पेशी त्या उलट्यांच्या मुळाशी होत्या, नेमक्या त्यांचंच. एकदा पातळ केलं की ठेवून चालत नाही, आणि एकाच खेपेला पुरेल एवढंच होतं.

काम दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी पट्ट्यांवर सिरम घालून रात्रभर थंडीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वरची दोन द्रावणं द्यायची आणि मग रंग. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काताईचा श्वास जड होता. संघप्रिया पिशवी घेऊन उंबऱ्यात घुटमळली.

"जा की," आई म्हणाली. "हितं बसून काय करतीस? माझ्या तोंडाकडं बघून काय हुणार हाय?"

ती गेली. दुपारी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. प्रसेनजीत स्टेशनजवळच्या बूथवरून बोलत होता. "ताई, ये आता."

"काय झालंय?"

"ये म्हणतोय न्हवं."

ती प्रयोगशाळेत परत आली. पट्ट्या ओल्या डब्यात आडव्या ठेवल्या होत्या, त्यांच्यावर शेवटचं द्रावण होतं. अजून धुणं आणि रंग राहिला होता. इंगवले सर दम लागून त्या दिवशी आलेच नव्हते, आणि दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं. आता सोडलं तर पट्ट्या वाळणार, आणि वाळल्या की सगळंच तपकिरी होणार. तिनं घड्याळाकडं बघितलं नाही. अर्धा तास, फार तर पाऊण, असं मनाशी म्हणाली आणि स्टुलावर बसली.

रंग चढला. साफ पिवळट कापावर एकेक पेशी तपकिरी उठून आली, मानेसकट. कुठं कुठं त्यांचे पाय अस्तराखालून लांबवर सरपटत गेलेले दिसत होते, चांदीत ते कधी दिसले नव्हते. इतका नितळ काप तिनं छापलेल्या पुस्तकातही बघितला नव्हता. तिनं पट्ट्या डब्यात बंद केल्या, हात धुतले आणि एसटी स्टँडकडं जाणारी रिक्षा पकडली.

घराबाहेर माणसं जमली होती. बाळासो भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी लेकीकडं बघितलं आणि बाजूला सरकून तिला जागा करून दिली. तिला कुणीच काही विचारलं नाही, बोललं नाही. ते तिला सोसेना. रात्रीच्या आधी तिनं प्रसेनजीतला मोरीजवळ गाठलं.

"माझं नाव घेतलं का तिनं?"

प्रसेनजीतला खोटं बोलता येत नसे. "न्हाय," तो म्हणाला. "पाणी मागितलं. मग ते बी ओकली."

दुसऱ्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं. सगळ्यांबरोबर पहिलं शील म्हणताना संघप्रियाचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

प्रबंध तिनं दोन हजार साली लिहायला घेतला. त्या पट्ट्यांचे फोटो काढले, मोजदाद केली. तिचं सगळं काम त्यांच्यावरच उभं होतं, आणि ती जिवाच्या आकांतानं लिहीत होती. ते पुरं झालं तर त्या दुपारला काहीतरी अर्थ येईल, असं तिला वाटत होतं. राजारामपुरीत तेव्हा इंटरनेटचे कॅफे निघाले होते. संदर्भ तपासायला ती एका कॅफेत जाऊन बसली. चिचुंद्रीचं शास्त्रीय नाव घातलं, आतडं घातलं, त्या रसायनाचं नाव घातलं. पान सावकाश, वरून खाली ओळीओळीनं उघडलं. जपानमधल्या एका चमूनं तेच जनावर, तेच आतडं, तेच सिरम घेऊन काम केलं होतं. बारा वर्षांपूर्वी. पेशींचे सरपटते पाय सुद्धा त्यांनी नोंदवले होते. तिला जे दिसलं होतं ते सगळं त्यात होतं, आणि तिला न दिसलेलं बरंच होतं.

तिनं ते पान छापून सरांकडं नेलं. इंगवले सरांनी चष्मा लावून वाचलं.

"आपल्याकडं हे मासिक येत नव्हतं," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं हो. खरंच नव्हतं."

"माहीत आहे सर."

"पण दुसऱ्यांदा सापडलं म्हणजे ते खरं आहे, असं धरायचं. त्यांची चिचुंद्री पाळलेली, आपली मोकळी फिरणारी. तेवढा फरक लिही. पदवी अडणार नाही."

पदवी अडली नाही. दोन हजार दोनमध्ये तिला ती मिळाली. त्याच वर्षी इंगवले सर निवृत्त होऊन मुलाकडं गेले, आणि वर्षभरात दम्यानं गेल्याचं कळलं. प्राणी पकडण्यावर नवे नियम आले, परवानग्या आल्या. त्या विभागात पुन्हा कुणी चिचुंद्री धरली नाही.

मग मुलाखती. कधी जागा निघून रद्द व्हायची, कधी भरतीलाच बंदी यायची. कधी आणखी एक परीक्षा पास असल्याशिवाय चालणार नाही असा नियम यायचा. ती त्या परीक्षेला बसली, दोनदा थोडक्यात हुकली. एका कॉलेजात तासांवर शिकवायला मिळालं, पटसंख्या कमी झाली तसं तेही गेलं. राजारामपुरीत मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा एक क्लास होता, तिथं ती जीवशास्त्र शिकवायला लागली. तिच्या आठ वर्षांचा विषय तिथल्या पुस्तकात चार ओळींचा होता. ती त्या चार ओळी शिकवायची आणि पुढच्या धड्याला लागायची.

बाळासो निवृत्त झाल्यावर रेल्वेचं घर सोडावं लागलं. सगळी कबनूरला प्रसेनजीतकडं आली. त्याचं लग्न झालं होतं. बायको मोना शिलाई करायची, वागायला सरळ होती. दोन खोल्यांच्या तिन्ही बाजूंना मागांचे कारखाने होते आणि खडखडाट चोवीस तास चालायचा. बाळासो दिवसभर दारात बसून असायचे. संघप्रियाच्या लग्नाचा विषय आता कुणी काढत नसे.

दोन हजार सात साली गडहिंग्लजकडच्या एका कॉलेजची जाहिरात आली. मुलाखतीत चौघे जण टेबलापलीकडं बसले होते. त्यांतल्या एकानं तिचा प्रबंध चाळला आणि विचारलं, "याचं नावीन्य काय मॅडम? म्हणजे हे तर आधीच झालेलं आहे ना?"

"हो," ती म्हणाली.

"मग?"

तिला सांगता आलं असतं. मोकळी फिरणारी आणि पाळलेली, हा फरक तिला पाठ होता. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढं प्रयोगशाळेतला तो ओला डबा आला आणि ती गप्प राहिली. त्यांनी चांगुलपणानं थोडा वेळ वाट बघितली, मग पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

संध्याकाळी ती कबनूरला पोचली. प्रसेनजीत पाळीवरून येऊन जेवायला बसला होता. मोनानं तिच्यापुढं ताट ठेवलं.

"मी आता अर्ज करायची न्हाय कुठं," संघप्रिया म्हणाली.

प्रसेनजीतनं मान वर केली. दहा-अकरा वर्षं मागांच्या आवाजात काढून त्याचे कान गेले होते; घरात सगळ्यांना ते माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. "काय म्हणालीस?" त्यानं विचारलं.

भिंतीपलीकडं माग चालू होते. तिला तेच वाक्य मोठ्यांदा, जवळजवळ ओरडून पुन्हा म्हणावं लागलं. दारातल्या बाळासोंनी वळून बघितलं.

"बरं," प्रसेनजीत म्हणाला, आणि त्यानं आपल्यातली अर्धी भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली. तिनं ती खाल्ली नाही. मोनानं ताटं उचलली, आणि सकाळच्या पाळीला उठायचं म्हणून तो लवकर आडवा झाला.